एकमेकींच्या कट्टर स्पर्धक असलेल्या चिप कंपन्या पुढच्या पंधरा वर्षांचा आराखडा एकत्र बसून का आखतात?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. बाजारात एकमेकींना टिकू न देणाऱ्या सेमीकंडक्टर कंपन्या संशोधनासाठी आणि तांत्रिक नियोजनासाठी एका टेबलाशी कशा बसतात, हा पहिला; आणि भारतात तसे काही करण्यात अर्थ आहे का, हा दुसरा. मी चिप बनवणाऱ्या कंपनीत कधीच नव्हतो. साकीनाक्याच्या एका औद्योगिक गाळ्यात आम्ही व्हॅक्यूम चेंबरचे, म्हणजे ज्या निर्वात पेटीत चिपवर प्रक्रिया होते तिचे, सुटे भाग करतो: फ्लँज (जोडासाठीच्या कडा), झाकणे, पाइपांचे जोड. या उद्योगाच्या साखळीतील ही अगदी शेवटची कडी आहे, पण तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला याच टोकाकडून समजले, म्हणून येथूनच सुरुवात करतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका संशोधन संस्थेसाठी आम्ही चार इंची वेफरच्या, म्हणजे ज्यावर चिप घडवतात त्या सिलिकॉनच्या गोल चकतीच्या, चेंबरची झाकणे करत होतो. यापुढची सगळी यंत्रे आठ इंचांची येणार आहेत, तेव्हा तयारीत राहा, असे तेथील अधिकाऱ्यांनी आम्हाला फोनवर सांगितले. त्या एका वाक्याच्या भरवशावर आम्ही बँकेचे कर्ज काढून मोठ्या व्यासाचा जॉब घेणारा लेथ बसवला. पुढे त्यांच्या निधीचे गणित बदलले, प्रयोगशाळा चार इंचांवरच राहिली आणि लेथचे हप्ते मात्र आमच्याकडे राहिले. कोणी खोटे बोलले नव्हते. ज्यांना पुढचे ठरवायचे होते आणि ज्यांना त्यासाठी आधी पैसे गुंतवायचे होते, त्या दोघांमध्ये लिहून ठेवलेले असे काहीच नव्हते, एवढेच. जगातल्या मोठ्या कंपन्यांनी आराखडा आखायला घेतला तो नेमकी ही दरी बुजवण्यासाठी, असे माझे मत आहे.

आता इतिहास थोडक्यात पाहू. 1976 ते 1980 या काळात जपान सरकारच्या पुढाकाराने फुजित्सू, हिताची, मित्सुबिशी, एनईसी आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी व्हीएलएसआय प्रकल्पात, म्हणजे एका चिपवर अतिशय मोठ्या संख्येने घटक बसवण्याच्या प्रकल्पात, एकत्र संशोधन केले, आणि 1980 च्या दशकात मेमरी चिपच्या बाजारात जपानने अमेरिकेला मागे टाकले. अमेरिकन कंपन्यांनी 1977 मध्येच सेमीकंडक्टर इंडस्ट्री असोसिएशन, म्हणजे एसआयए, ही संघटना उभारली होती. 1982 मध्ये विद्यापीठांतील संशोधनाला पैसा पुरवण्यासाठी सेमीकंडक्टर रिसर्च कॉर्पोरेशन स्थापन झाली. तरीही स्पर्धकांनी एकत्र येणे म्हणजे संगनमत, ही मक्तेदारीविरोधी कायद्याची धास्ती होतीच. 1984 मध्ये सहकारी संशोधनाला संरक्षण देणारा कायदा झाल्यावर ती बरीच कमी झाली, आणि 1987 मध्ये चौदा कंपन्यांची सेमाटेक ही संस्था उभी राहिली. तिचे केंद्र टेक्ससमधील ऑस्टिन येथे होते. सरकारने वर्षाला सुमारे दहा कोटी डॉलर द्यायचे आणि साधारण तितकेच कंपन्यांनी घालायचे, अशी व्यवस्था होती. इंटेलचे सहसंस्थापक रॉबर्ट नॉइस 1988 मध्ये तिचे प्रमुख झाले आणि 1990 मध्ये निधन होईपर्यंत त्या पदावर राहिले.

सेमाटेकच्या कहाणीतील मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग यानंतर येतो. सगळ्यांनी मिळून चिप बनवण्याची प्रक्रिया सुधारायची, ही सुरुवातीची कल्पना फारशी चालली नाही, कारण प्रक्रिया हेच प्रत्येक कंपनीचे खरे गुपित आणि ते कोणीही पूर्ण उघड करत नाही. मग संस्थेने मोर्चा यंत्रे आणि साहित्य पुरवणाऱ्यांकडे वळवला. यंत्र किती तास अखंड चालले पाहिजे, बिघाड कसा मोजायचा, नवीन यंत्राची चाचणी कोणत्या निकषांवर घ्यायची, या गोष्टी सर्व ग्राहकांनी मिळून एकदाच ठरवल्या, तर पुरवठादाराला चौदा दारांत चौदा वेगवेगळ्या मागण्या ऐकाव्या लागत नाहीत. हे प्रत्येक वेळी साधले असे नाही. जीसीए ही स्टेपर, म्हणजे वेफरवर प्रकाशाने आराखडे उमटवणारी यंत्रे, बनवणारी जुनी अमेरिकन कंपनी सेमाटेकने पाठबळ देऊनही 1993 मध्ये बंद पडली. पण दिशा योग्य होती, आणि 1996 मध्ये संस्थेने सरकारी पैसा घेणे स्वतःहून थांबवले.

आराखडा याच विचारातून आला. 1992 मध्ये एसआयएच्या पुढाकाराने अमेरिकेचा राष्ट्रीय आराखडा तयार करण्यास सुरुवात झाली. 1990 च्या दशकाच्या अखेरीस त्यात युरोप, जपान, दक्षिण कोरिया आणि तैवान सामील झाले आणि तो आंतरराष्ट्रीय झाला. आयटीआरएस या नावाने तो ओळखला जाई. त्यातील तक्ते मी प्रथम पाहिले तेव्हा बराच वेळ त्यांच्यावरून नजर हटली नव्हती. आडव्या रांगेत पुढची पंधरा वर्षे, उभ्या रकान्यात एकेक गरज: रेषेची रुंदी, थराची जाडी, किती आकाराचा कण चालणार नाही. प्रत्येक चौकोनाला रंग. पांढरा म्हणजे उपाय हाताशी आहे, पिवळा म्हणजे उपाय माहीत आहे पण सिद्ध व्हायचा आहे, आणि लाल म्हणजे हे कसे बनवायचे ते आज कोणालाच ठाऊक नाही. उजवीकडे सरकत जावे तसे लाल चौकोन एकमेकांना चिकटत जात, आणि त्या पट्ट्याला त्या क्षेत्रातील लोक लाल विटांची भिंत म्हणत.

एखादा संपूर्ण उद्योग आपले अज्ञान इतक्या नेटकेपणाने छापून सर्वांसमोर ठेवतो, याचे मला आजही मनापासून कौतुक वाटते. लाल चौकोन हे विद्यापीठातील संशोधकासाठी आमंत्रण होते आणि पुरवठादारासाठी मुदत. आमच्या गाळ्यात ओ-रिंगच्या, म्हणजे गळती रोखणाऱ्या रबरी कड्याच्या, खाचेत नखाला जेमतेम जाणवेल असा ओरखडा राहिला, तरी हेलियम लीक टेस्टमध्ये गळती दिसते आणि जॉब परत लेथवर चढतो. ती एक खाच सुधारायला आमचे दोन दिवस जातात. मग चिपवर रेषा उमटवणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबीच बदलायची असेल, तर आरसे, प्रकाशस्रोत, मास्क (रेषांचे साचे) आणि रसायने बनवणाऱ्या शेकडो कारखान्यांना किती आधी सांगावे लागेल, याचा विचार करा. 13.5 नॅनोमीटरच्या ईयूव्ही लिथोग्राफीसाठी, म्हणजे अतिलघु तरंगलांबीच्या प्रकाशाने रेषा उमटवण्याच्या तंत्रासाठी, इंटेल, मोटोरोला आणि एएमडी यांनी 1997 मध्ये एकत्र येऊन अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळांतील संशोधनाला पैसा पुरवला, आणि प्रत्यक्ष मोठ्या उत्पादनात ते तंत्र 2019 च्या सुमारास आले. मधल्या वीस वर्षांत आराखड्यातील त्याची तारीख पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली, पण काय हवे आहे याबद्दल कोणाच्या मनात संभ्रम नव्हता.

यामुळे स्पर्धा संपली, असे मात्र समजू नका. आराखड्याने चिप-तंत्राच्या दोन पिढ्यांमधले अंतर तीन वर्षांचे धरले, तर प्रत्येक कंपनी दोन वर्षांत पोहोचण्याच्या मागे लागे, आणि 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रत्यक्ष तसेच घडले. कोणत्या दिशेने जायचे हे सामाईक होते. आधी कोण पोहोचणार, हे प्रत्येकाचे स्वतःचे होते. म्हणूनच हा दस्तऐवज केवळ तांत्रिक मूल्यमापनासाठी आहे, त्याचा कोणत्याही विशिष्ट उत्पादनाच्या व्यापारी विचाराशी संबंध नाही, असे त्यात स्पष्ट लिहिलेले असे. किंमत, ग्राहक, उत्पादनाची संख्या हे विषय वर्ज्य होते.

चुकाही झाल्या आणि त्यांचा भार बहुधा पुरवठादारांवरच पडला. 200 मिलिमीटर, म्हणजे आठ इंची, वेफरवरून 300 मिलिमीटरकडे जाताना यंत्र बनवणाऱ्यांनी आधी खर्च केला आणि मागणी मात्र 1990 च्या दशकाच्या अखेरच्या मंदीमुळे लांबली. ती आठवण ताजी असल्यामुळे 450 मिलिमीटरचा प्रस्ताव आला तेव्हा ते सावध राहिले. 2011 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील अल्बनी येथे पाच बड्या कंपन्यांनी त्यासाठी गट स्थापन केला खरा, पण 2013 मध्ये लिथोग्राफीची यंत्रे बनवणाऱ्या डच एएसएमएलने त्या आकाराचे काम थांबवले आणि तो बेत बारगळला. आमच्या लेथची गोष्ट मला त्या बातमीने पुन्हा आठवली होती. पुढे आघाडीच्या चिप बनवणाऱ्या कंपन्या घटत घटत तैवानची टीएसएमसी, सॅमसंग आणि इंटेल अशा तीनच उरल्या, तेव्हा जुन्या स्वरूपाच्या आराखड्याची गरजही ओसरली. आयटीआरएसची शेवटची आवृत्ती 2016 मध्ये निघाली, आणि ते काम आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने आयआरडीएस या नावाने पुढे नेले. सामाईक संशोधनाची जागा आज मोठ्या प्रमाणात बेल्जियममधील लूवेन येथील आयमेककडे आहे. 1984 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत प्रतिस्पर्धी कंपन्यांचे अभियंते एकाच स्वच्छ कक्षात काम करतात.

आता भारत. पवईच्या आयआयटीत आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत 2006 पासून नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची केंद्रे उभी राहिली आणि त्यांचे दरवाजे बाहेरच्या महाविद्यालयांतील संशोधकांनाही उघडले गेले, ही आपल्याकडील सहकार्याची सर्वांत भरीव सुरुवात मी मानतो. 2021 च्या डिसेंबरमध्ये सेमीकंडक्टर उद्योगासाठी 76,000 कोटी रुपयांची योजना मंजूर झाली आणि 2024 मध्ये गुजरातमधील धोलेरा येथील 300 मिलिमीटरच्या फॅबला, म्हणजे चिपच्या कारखान्याला, मान्यता मिळाली. मोहालीची सरकारी प्रयोगशाळा 200 मिलिमीटरवर आहे. आता जगातील सर्वांत पुढच्या तंत्राशी स्पर्धा करणारा आराखडा आपल्याला नको आहे. आपल्याला हवा आहे तो दहा वर्षांचा साधा तक्ता: देशातील फॅबना कोणत्या वर्षी कोणत्या शुद्धतेचा वायू, कोणत्या मापाचा व्हॉल्व्ह, किती गळतीची मर्यादा असलेला फ्लँज लागेल, आणि त्यापैकी काय येथे बनते, काय बनू शकते, काय अजून कोणालाच जमत नाही. उद्योगाच्या संघटनांनी तो तयार करावा, सर्वांना मोफत द्यावा, दर दोन वर्षांनी सुधारावा. त्यातील बहुतेक चौकोन आज लाल असतील, आणि तरीही तो छापला जावा. तो हाती असता, तर आठ इंची झाकणांसाठी कर्ज काढण्यापूर्वी मी आधी त्यातली ती रांग पाहिली असती.