मालक म्हणतात, चीनमध्ये असलं चालत नाही

प्रश्न : मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात १४ वर्षं मागावर आहे. पाळी बारा तासांची. ओव्हरटाइमचं विचारलं की मालक म्हणतात, "चीनचा टॉवेल स्वस्त का? तिथं कामगारांचा कायदाच नाही, कुणी तोंड उघडत नाही." हे खरं आहे का वकीलसाहेब?
– एक माग कामगार, नीलम नगर, सोलापूर

उत्तर : तुमच्या मालकांनी अर्धंच ऐकलंय. तोंड उघडण्याचं म्हणाल तर त्यात तथ्य आहे, त्याच्याकडं नंतर येतो. पण कायदा नाही म्हणाल तर साफ चूक.

चीनचा कामगार कायदा १९९५ पासून लागू आहे. दिवसाला आठ तास काम, जादा काम महिन्याला ३६ तासांच्या वर नाही, आणि त्या जादा तासांना निदान दीडपट मजुरी. २००८ पासून आणखी एक कायदा आला. कामावर घेतल्यापासून महिन्याभरात लेखी करार केला नाही, तर पुढं दर महिन्याला दुप्पट पगार द्यायचा, अकरा महिन्यांपर्यंत. हे वाचून मला माझा एक जुना अशील आठवला. बावीस वर्षं नोकरी, पण कागद एकच : मालकाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका. पाकिटावर नावापुढं 'आपला कामगार' असं लिहिलेलं. ती आम्ही कोर्टात दाखल केली होती. हसू नका, तेवढाच पुरावा होता.

चीनमध्ये मालक-कामगारांचं भांडण आधी लवादापुढं जातं. फी नाही. निकाल ४५ दिवसांत, फार तर आणखी १५. पटला नाही तर कोर्ट, तिथली फी १० युआन. मजुरीच्या नोंदी मालकाच्या ताब्यात असतील आणि त्यानं त्या दाखवल्या नाहीत, तर त्याचा तोटा त्यालाच.

आणि तरीही २००९ मध्ये हनान प्रांतातल्या झांग हायछाओ नावाच्या कामगारावर काय वेळ आली, बघा. सहज न झिजणारं साहित्य बनवणाऱ्या कारखान्यात धूळ खाऊन फुप्फुसं गेली. मोठ्या दवाखान्यांतले डॉक्टर सांगत होते, हा धुळीचाच आजार. पण भरपाईसाठी दाखला लागतो कामामुळं होणाऱ्या आजारांच्या ठरलेल्या तपासणी केंद्राचा, आणि केंद्राला कागद लागतात मालकाचे. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच दारात जाऊन कागद मागायचे! केंद्रानं क्षयाकडं बोट दाखवलं. शेवटी या माणसानं छाती उघडून घेतली. शस्त्रक्रिया करून आत काय आहे ते दाखवलं. वर्तमानपत्रांत गाजलं तेव्हा दाखला मिळाला, ६ लाखांवर युआन मिळाले, आणि २०११ मध्ये कायदाही बदलला. मालकानं कागद दिले नाहीत तरी निदान करता येतं, असा. आपल्याकडं मागाखालचा कापसाचा बुरा वर्षानुवर्षं छातीत घेणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आता तोंड उघडण्याचं. तिथं कामगार महासंघ एकच, सरकारमान्य. दुसरी युनियन काढता येत नाही. संपाचा हक्क पूर्वी राज्यघटनेत होता, १९८२ च्या घटनेतून तो काढला. २०१८ मध्ये शेनझेनला वेल्डिंगची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांनी युनियन करायला घेतली. त्यांना कामावरून काढलं, नंतर अटका झाल्या. पाठिंब्याला आलेल्या विद्यार्थ्यांनाही उचललं. आपल्याकडं युनियनचे पुढारी कसेही असोत (मला बरेच माहीत आहेत), चार हुतात्मा पुतळ्यापाशी लाल बावटा घेऊन उभं राहता तरी येतं.

तेव्हा मालकांना म्हणा, ठीक आहे, चीनचाच नियम लावा, जादा तासाला दीडपट द्या. ते कबूल झाले तर मात्र थांबा, सही करू नका. आपल्याकडच्या कारखान्यांसाठीच्या कायद्यात जादा कामाला दुप्पट आहे.

फक्त तुमच्या शेडमध्ये माणसं किती ते तुम्ही लिहिलेलं नाही. हा कायदा लागू होणं माणसांच्या आकड्यावर असतं, म्हणून तर आपल्याकडं एकाच शेडला दोन दारं आणि दोन पाट्या असतात, एक मालकाच्या नावाची, एक मालकीणबाईंच्या. आधी दोन्ही दारांतून आत जाणारी डोकी मोजा आणि मला कळवा. रोजचे तास वहीत लिहायला मात्र आजपासूनच लागा.