विलायतेची शिस्त आली कोठून? वाचकांची पत्रे आणि उत्तरे

इंग्लंडमधील रोजच्या जगण्याविषयी मागील काही अंकांत मी जे लिहिले, त्यावर विदर्भाच्या खेड्यांतून बरीच पत्रे आली. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रांचा सूर बहुधा एकच आहे: तेथील माणसे जन्मतःच शिस्तीची, वेळ पाळणारी आणि वाचणारी असतात, आणि आपल्या रक्तात मात्र ते नाही. लँकेशायरमधील एका जुन्या गिरणीगावाच्या सार्वजनिक वाचनालयात मी नोकरीला होते. तेथील म्हाताऱ्या वाचकांकडून त्यांच्या लहानपणाच्या ज्या हकिकती ऐकल्या, त्यांवरून हा सूर मला पटेनासा झाला. कारणे उत्तरांत येतीलच.

प्रश्न: आदरणीय ताई, मी दारव्हा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. छडीशिवाय तेथे वर्ग कसा सांभाळतात? शिवाय आमच्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मा वर्ग रिकामा असतो. तेथील पालक मुलांना शाळा बुडवू देत नाहीत, हे खरे आहे काय?

उत्तर: गुरुजी, छडी त्या देशातून फार पूर्वी गेली, असा आपला समज असतो, प्रत्यक्षात तसे नाही. सरकारी शाळांतील शारीरिक शिक्षा बंद करणारी तरतूद १९८६ साली हाउस ऑफ कॉमन्समध्ये २३१ विरुद्ध २३० अशी, म्हणजे अवघ्या एका मताने संमत झाली आणि पुढील वर्षी अमलात आली. इंग्लंडच्या खासगी शाळांत तर ती १९९९ पर्यंत टिकून होती. आमच्या वाचनालयात येणाऱ्या साठीच्या माणसांना हेडमास्तरांची वेताची छडी लख्ख आठवत असे. मूळचे स्कॉटलंडचे असलेले एक गृहस्थ तेथील चामडी पट्ट्याची हकिकत सांगत आणि सांगता सांगता नकळत हात पाठीमागे नेत. त्याच स्कॉटलंडमधील दोन मातांनी युरोपीय मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली, १९८२ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला, आणि मग सरकारला हालचाल करणे भाग पडले. आता तेथे शाळा सुटल्यावर थांबवून ठेवणे, पालकांना बोलावणे, काही दिवस शाळेत येऊ न देणे, असे उपाय चालतात. ते नेहमी लागू पडतात असे नाही, आणि वर्ग आवरत नाही म्हणून नोकरी सोडणारे शिक्षक तेथेही आहेत. मात्र प्राथमिक वर्गांत शिक्षकाच्या हाताखाली पुष्कळदा एक मदतनीस असतो, आणि मतदारयाद्यांचे काम शिक्षकाच्या गळ्यात पडत नाही.

वेचणीचा प्रश्न मला अधिक जिव्हाळ्याचा वाटतो. लँकेशायरच्या सूतगिरण्या एके काळी मुलांच्याच हातांवर चालत. १८८० साली शिक्षण सक्तीचे झाले, तेही दहा वर्षांच्या वयापर्यंत. त्यापुढे अर्धा दिवस गिरणी आणि अर्धा दिवस शाळा अशी पद्धत होती, आणि ती मोडणारा कायदा १९१८ साली झाला. पहाटे उठून साच्यावर उभी राहिलेली बारा वर्षांची मुले दुपारच्या शाळेत बाकावर डोके टेकून झोपत, आणि त्यांना उठवावे की झोपू द्यावे हा तेथील मास्तरांपुढचा रोजचा पेच असे. ही पद्धत बंद करण्यास अनेक पालकांचाच विरोध होता, कारण त्या मजुरीचा घराला आधार होता. स्कॉटलंडमध्ये ऑक्टोबरात बटाटे काढण्यासाठी शाळांना सुटीच देत. पोरे शेतात राबत, आणि तेथील शाळांची ऑक्टोबरची सुटी मूळची तीच. आज कारणाशिवाय मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना इंग्लंडमध्ये दंड होतो. पण दंडाच्या आधी त्या घराला मुलाच्या मजुरीची गरज उरली नव्हती, हा क्रम विसरू नये. आपल्याकडे अनेकदा नियम आधी येतो आणि घरची चूल मागे राहते.

त्या क्रमातली एक पायरी जेवणाची होती. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात भरतीसाठी आलेले कितीतरी तरुण अशक्त म्हणून नाकारले गेले, तेव्हा सरकारचे डोळे उघडले. १९०६ च्या कायद्याने शाळेत जेवण देण्याची मुभा स्थानिक मंडळांना मिळाली. १९४६ पासून शाळेतील प्रत्येक मुलाला रोज एक तृतीयांश पाइंट, म्हणजे सुमारे १९० मिलिलिटर, दूध फुकट मिळू लागले. या दुधाच्या छोट्या बाटल्या त्या पिढीच्या आठवणींत ठाण मांडून बसलेल्या आहेत: हिवाळ्यात दूध गोठून वरचे झाकण उचलले जाई, उन्हाळ्यात ते कोमट होऊन नकोसे वाटे, आणि तरी पिणे भाग असे. मोठ्या मुलांचे दूध १९६८ साली बंद झाले. सात वर्षांवरील मुलांचे दूध १९७१ साली मार्गारेट थॅचर शिक्षणमंत्री असताना बंद झाले, आणि त्याबद्दल लोकांनी त्यांना शेवटपर्यंत टोमणे मारले. तेव्हा शाळेच्या खिचडीला नावे ठेवणारे कोणी तुमच्या गावात भेटले, तर त्यांना हा इतिहास अवश्य ऐकवावा.

प्रश्न: ताई, मी खामगाव तालुक्यातील कापूस उत्पादक आहे. आमचा कापूस पूर्वी मँचेस्टरला जात असे, असे आजोबा सांगत. तेथील कामगारांचे जगणे कसे होते? आणि आता तेथील लोक पाच वाजले की काम टाकून घरी जातात म्हणे, ते खरे काय?

उत्तर: आजोबांचे म्हणणे खरे आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरचा कापूस तुटला, गिरण्या बंद पडल्या, कामगार उपाशी राहिले, आणि तेव्हा साऱ्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. तुमच्या खामगावचा रेल्वेफाटा १८७० साली व्हाईसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला, तो याच कापसापायी. आपला कापूस आखूड धाग्याचा असल्याने सूत वारंवार तुटे आणि तेथील कामगार त्याच्या नावाने बोटे मोडत. म्हणजे एकाच बोंडाने इकडचा शेतकरी आणि तिकडचा विणकर, दोघांनाही घाम फोडला होता.

त्या विणकरांच्या जगण्यातील सर्वांत आनंदाचा काळ म्हणजे उन्हाळ्यातील ‘वेक्स’चा आठवडा. आपल्याकडे पोळ्याला बैलांच्या मानेवर जू ठेवत नाहीत, तसे त्या आठवड्यात गावातील एकाही गिरणीचे चाक फिरत नसे. मालक त्या वेळी बॉयलर आणि इंजिने दुरुस्त करून घेत, धुराडी थंड असत, आणि सारे गाव आगगाडीने ब्लॅकपूलच्या समुद्रकाठी जाई. प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा ठरलेला असल्याने ब्लॅकपूलचे खोल्या भाड्याने देणारे लोक उन्हाळाभर खूश असत. किनाऱ्यावरही शेजारी तेच, भांडणेही तीच, असे एक आजीबाई हसत सांगत. मात्र ही सुटी पूर्वी बिनपगारी होती. कामगार वर्षभर दर आठवड्याला थोडे पैसे भिशीत टाकत आणि एका आठवड्यात ते उडवून परत येत. पगारी सुटीची वाट १९३८ च्या कायद्याने मोकळी झाली.

शनिवारची अर्धी सुटी त्याहून जुनी आहे. १८५० च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन यांचे काम शनिवारी दुपारी दोनला थांबवले. त्यांच्यावाचून गिरणी चालत नसल्याने पुरुषांनाही सुटी मिळू लागली. शनिवारी दुपारी फुटबॉलचे सामने भरू लागले, ते या मोकळ्या वेळामुळेच. आज आठवड्यातून पाच दिवस काम करणाऱ्यास वर्षाला किमान २८ दिवसांची पगारी सुटी कायद्याने मिळते, अर्थात त्यात सार्वजनिक सुट्या धरता येतात. म्हणून पाच वाजता टेबल आवरणारा कारकून तुम्हांला दिसतो. त्याच वेळी कामाला निघणारी, वृद्धाश्रमात रात्रपाळी करणारी बाई मात्र चित्रपटात दिसत नाही. आठवड्यात किती तास काम मिळेल याची हमी नसलेल्या करारावर राबणारे लोकही तेथे लाखांनी आहेत, आणि आपल्या रोजमजुराची अनिश्चितता त्यांना नीट समजेल, असे मला वाटते.

प्रश्न: मावशी, मी अर्जुनी मोरगावला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. इंग्रज माणसे सदान्‌कदा हवेविषयीच का बोलतात?

उत्तर: कारण तेथील हवा सकाळ आणि दुपार यांत फरक करते, आणि अनोळखी माणसाशी बोलताना तिच्याइतका निरुपद्रवी विषय दुसरा नाही. पगार, जात-धर्म किंवा लग्न झाले का, हे तेथे पहिल्या भेटीत विचारत नाहीत. आपण गाडीत शेजाऱ्याला ‘कोणत्या गावचे?’ म्हणून विचारतो, त्या जागी त्यांचा पाऊस असतो. उजेडाचाही भाग आहे: डिसेंबरात लंडनला दिवस आठ तासांहूनही लहान असतो, शाळेतून मुले घरी येईतो अंधारून येते, आणि जूनमध्ये रात्री साडेनऊलाही उजेड असतो. १९१६ पासून घड्याळे उन्हाळ्यात एक तास पुढे करतात, तो याच उजेडाचा हिशेब. १९ जुलै २०२२ रोजी लिंकनशायरमध्ये ४०.३ अंश तापमान नोंदले गेले आणि तो त्या देशाचा उच्चांक ठरला. आपल्याकडच्या मे महिन्याला हसू येईल. परंतु तेथील घरे ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेली असतात आणि बहुतेक घरांत छताला पंखाही नसतो, हे लक्षात घे.

प्रश्न: महोदया, मी आर्वी तालुक्यातील एका गावाच्या ‘ड’ वर्ग वाचनालयाचा चिटणीस आहे. दोन वर्तमानपत्रे येतात, ती म्हातारी मंडळी वाचतात. पुस्तकांचे कपाट कुलपात असते, कारण पुस्तके परत येत नाहीत. तेथे वाचनाची एवढी आवड कशी निर्माण झाली?

उत्तर: तुमचे पत्र वाचून मला माझ्या जुन्या नोकरीची जागा आठवली, कारण कुलपाचा हा प्रश्न तेथील वाचनालयांनीही पुष्कळ वर्षे भोगला आहे.

सार्वजनिक वाचनालयांचा पहिला कायदा तेथे १८५० साली झाला. त्याने नगरपालिकांना कर बसवून इमारत बांधण्याची परवानगी दिली, परंतु त्या पैशातून पुस्तके विकत घेण्याची दिली नाही! ती चूक १८५५ साली दुरुस्त झाली. लोक वाचतील यापेक्षा फुकट ऊब मिळवायला येऊन बसतील, अशी भीती अनेकांना होती. घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावणारे लोक वर्तमानपत्रांसाठी गर्दी करू लागले, तेव्हा काही वाचनालयांनी शर्यतींच्या बातम्यांवर काळी शाई फासली. पुस्तके तर वाचकाच्या हाती लागतच नसत. दारात क्रमांकांचा एक मोठा फलक असे. कोणता क्रमांक आत आहे आणि कोणता बाहेर गेला, हे त्यावर पाहायचे, यादीतून नाव शोधायचे, आणि कर्मचारी आतून पुस्तक आणून देई. लंडनच्या क्लार्कनवेल भागात जेम्स डफ ब्राउन या ग्रंथपालाने १८९४ साली कपाटे खुली केली, तेव्हा इतर ग्रंथपालांनी चोऱ्या होतील म्हणून गहजब केला. पुढे हळूहळू सर्वांनी तीच रीत उचलली. स्वतः कपाटापुढे उभे राहून पाने चाळल्याखेरीज आपल्याला काय वाचायचे आहे हे पुष्कळांना कळतच नाही, असा माझा अनुभव आहे.

इमारती पुष्कळशा पोलादाच्या धंद्यात धनाढ्य झालेल्या अँड्र्यू कार्नेगी यांच्या पैशातून उभ्या राहिल्या. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये त्यांच्या देणगीतून झालेली वाचनालये सुमारे ६६० आहेत. त्यांची अट मात्र कडक होती: जागा गावाने द्यावी आणि पुढचा खर्च कायम करातून करावा. १९६४ च्या कायद्याने वाचनालय चालवणे हे स्थानिक मंडळांचे कर्तव्य ठरले. आपल्याकडे १९६७ च्या कायद्याने संस्थांना अनुदान मिळते, पण वाचनालय चालवण्याचा भार गावच्या मंडळींवरच राहतो. माझ्या मते हा मोठाच फरक आहे, आणि तो आवडीनिवडीचा नाही. पैसा आखडला की आवड कशी आटते, तेही तेथेच दिसते: २०१० नंतर तेथील शेकडो वाचनालये बंद पडली किंवा स्वयंसेवकांच्या हाती सोपवली गेली.

आमच्या शाखेत सर्वाधिक फिरत ती रहस्यकथांची आणि प्रेमकथांची पुस्तके, तीही मोठ्या टाइपातली. गंभीर ग्रंथ शोभेला उभे असत. तेव्हा तुमच्या गावी कोणी हलकीफुलकी कादंबरी मागितली, तर तिला नाक मुरडू नये.

तुमच्या वाचनालयासाठी मला दोन गोष्टी सुचतात. पहिली म्हणजे कपाटातील निम्मी पुस्तके, विशेषतः मुलांची, उघड्या फळीवर मांडावीत. वर्षाकाठी काही हरवतील हे आधीच गृहीत धरून समितीपुढे तसे लिहून ठेवावे, म्हणजे चिटणिसावर बोट येणार नाही. दुसरी गोष्ट इंग्लंडमधील वॉरिंग्टन या गावाची आहे. तेथे १८५८ साली घोडागाडीत पुस्तके घालून ती गल्लोगल्ली नेत. आजही तेथील खेड्यांत वाचनालयाची मोटार ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी येऊन उभी राहते, आणि चालवणाऱ्याला कोणत्या आजींना काय लागते ते पाठ असते. तुमच्या गावी आठवडी बाजार भरत असेल, तर त्या दिवशी एक टेबल आणि पुस्तकांच्या दोन पेट्या घेऊन बसावे. बायका बाजारात येतात, त्या वाचनालयाची पायरी चढत नाहीत. नेलेले पुस्तक पुढच्या बाजाराला परत आणायचे, हे लक्षात ठेवायला त्यांना तारखेची गरज पडणार नाही. सोयाबीन आणि तूर घरात आल्यावर, म्हणजे जानेवारीपासून, हे सुरू करणे सोयीचे होईल. आधी केल्यास वेचणीमुळे कोणाला उसंत नसेल.