गेकोचा जबडा मऊ पडला आहे: नाशिकमध्ये उपचार कसे मिळवावेत

तुमच्या अकरा महिन्यांच्या लेपर्ड गेकोचे (पालीसारख्या ठिपकेदार पाळीव सरड्याचे) पाय चालताना थरथरतात, खालचा जबडा रबरासारखा लवतो आणि घरी आणल्यापासून तो केवळ मीलवर्म या अळ्यांवर वाढला आहे, असे तुम्ही लिहिले आहे. ही तिन्ही लक्षणे एकत्र पाहता मेटाबोलिक बोन डिसीजची, म्हणजे कॅल्शियमच्या कमतरतेने हाडे मऊ पडण्याच्या आजाराची, शंका दाट आहे. मीलवर्म आणि रातकिडे या दोहोंत कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस कितीतरी जास्त असतो, त्यामुळे वरून कॅल्शियम मिळाले नाही तर शरीर ते स्वतःच्या हाडांतून काढून घेते. म्हणूनच रक्तातील कॅल्शियम तपासणीत ठीक दिसूनही हाडे पोकळ झालेली असू शकतात, आणि एक्स-रे अधिक बोलका ठरतो.

डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ऊब. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत पारा रात्री दहा अंशांखाली उतरतो, आणि अंग गार पडलेल्या गेकोला अन्न पचत नाही, पोटात घातलेले औषधही नीट लागू पडत नाही. टाकीच्या उबदार बाजूचा पृष्ठभाग ३१ ते ३३ अंश आणि दुसरी बाजू २५ अंशांच्या आसपास ठेवा. हीट मॅटला थर्मोस्टॅट नसेल तर तो आजच जोडा. चढण्याच्या फांद्या व दगड काढून टाका, कारण अशी हाडे लहानशा पडण्यानेही मोडतात.

मात्र घरातील कॅल्शियमच्या गोळ्या किंवा गुरांसाठी मिळणारे द्रवरूप कॅल्शियम अंदाजाने पाजू नका. त्यांत बहुधा कॅल्शियम शोषायला मदत करणारे डी३ जीवनसत्त्वही असते, त्यांची मात्रा माणसाच्या किंवा म्हशीच्या वजनासाठी असते, आणि आपला प्राणी ५०-६० ग्रॅमचा. डी३ जास्त झाले तर मूत्रपिंडात कॅल्शियम साचते. मी स्वतः पहिल्या गेकोला कुत्र्यासाठीचे थेंब दिले होते. तो वाचला, पण पुढचे काही आठवडे त्याने अन्नाला तोंड लावले नाही.

आता डॉक्टरांचा प्रश्न. शहरातील बहुतेक दवाखाने कुत्री-मांजरांचे आणि तालुक्यातले गुरांचे, म्हणून जाण्यापूर्वी फोन करून इतकेच विचारा: सरपटणारे प्राणी तपासता का, आणि इतक्या लहान प्राण्याचा डिजिटल एक्स-रे काढता का? पहिल्याला ‘नाही’ आणि दुसऱ्याला ‘हो’ असे उत्तर आले तरी तो दवाखाना तुमच्या कामाचा आहे. एक्स-रे नाशिकमध्ये काढून तो मुंबई-पुण्यातील अनुभवी डॉक्टरांना पाठवावा आणि मात्रा त्यांनी ठरवून स्थानिक डॉक्टरांनी द्यावी, ही पद्धत मला अनेकदा उपयोगी पडली आहे. जो डॉक्टर ‘मला याचा अनुभव नाही, विचारून सांगतो’ म्हणतो, त्याच्यावर मी अधिक विश्वास ठेवतो.

झटके येत असतील किंवा गेको अंग उचलूच शकत नसेल तर वाट पाहू नका. मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे किंवा त्याच आवारातील बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयाकडे सरपटणाऱ्या प्राण्यांचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात हे विचारून निघा. हवेची छिद्रे असलेल्या छोट्या डब्यात टिश्यू पेपर अंथरा, तो थर्माकोलच्या खोक्यात ठेवा आणि शेजारी कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून ठेवा. वाटेत इगतपुरी-कसारा घाटात पहाटे हवा गार असते, तेव्हा खोके उघडून पाहण्याचा मोह टाळा. सोबत आजवर दिलेल्या कॅल्शियम-जीवनसत्त्वांच्या सर्व पावडरींच्या डब्यांचे फोटो, टाकीच्या तापमानाची नोंद, चालण्याचा व्हिडिओ आणि जमल्यास ताजी विष्ठा न्या. डॉक्टर डोळेही पाहतील, कारण अ जीवनसत्त्व कमी असल्यास पापण्या सुजतात आणि कात अडकते.

पुढे आहार बदलावाच लागेल. कीटक गेकोला देण्यापूर्वी एक-दोन दिवस त्यांना गाजर, शेवग्याचा पाला खाऊ घाला; पालक टाळा, त्यातील ऑक्झलेट कॅल्शियम अडवते. द्राक्षबागांच्या बांधावरून नाकतोडे पकडून आणू नका, तिथली फवारणी गेकोच्या पोटात जाते. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात कातडीत डी३ तयार करणारे यूव्हीबी किरण जवळजवळ नसतात, त्यामुळे ‘रोज ऊन दाखवतो’ याचा फायदा होत नाही, उलट काचेची टाकी भट्टीसारखी तापते.

वाकलेली हाडे सरळ होणार नाहीत, पण जबडा काही आठवड्यांत घट्ट होऊ लागतो. तोपर्यंत त्याला मोठे, टणक कीटक देऊ नका आणि दर रविवारी त्याचे वजन वहीत लिहा.