खोली कुणाबरोबर, जेवण कुणाबरोबर?

(वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं)

मागच्या अंकात मी ओघात लिहून गेले की निवृत्तीनंतर पाच परदेशवाऱ्या केल्या, पाचही एकटीनं, पण दहा-पंधरा जणांच्या गटाबरोबर. त्यावर जी पत्रं आली, त्यातली चार इथं घेतेय. एरवीचे पेन्शनचे आणि मुदतठेवींचे प्रश्न पुढच्या अंकात.

प्रश्न : ताई, मी 59 वर्षांची, शाळेतून निवृत्त झाले. तीन वर्षांपूर्वी हे गेले. उझबेकिस्तानात ताश्कंद-समरकंद-बुखारा अशी चौदा जणांची सहल आहे, सात रात्रींची. जाहिरातीतल्या दरावर माझ्याकडून एकटीसाठी 32 हजार जास्त मागतायत. नको असेल तर ‘रूम पार्टनर देऊ’ म्हणतात. मुलगा म्हणतो, एकटी कशाला जातेस, पुढच्या वर्षी आपण सगळेच जाऊ. शिवाय मी शुद्ध शाकाहारी. जाऊ का? – एक वाचक, मिरज

उत्तर : जा. ‘पुढच्या वर्षी सगळेच जाऊ’ हे मीही चार वर्षं ऐकलं. मुलं मनापासूनच म्हणतात हो, पण कधी रजा मिळत नाही, कधी नातवाची दहावी येते. आपले गुडघे काही तोवर थांबत नाहीत.

आता 32 हजारांचं बघू, कारण खरी मेख तिथं आहे. जाहिरातीतला दर एका खोलीत दोघं राहणार असं धरून काढलेला असतो. विमान, बस, गाईड, तिकिटं यांचा खर्च तुम्ही एकट्या आलात म्हणून वाढत नाही. वाढतं ते फक्त खोलीचं उरलेलं अर्धं भाडं. सात रात्रींचे 32 हजार म्हणजे रात्रीला साडेचार हजारांच्या वर, म्हणजे कंपनीनं खोली नऊ हजारांची धरलीय. हॉटेलांची नावं मागून घ्या, त्याच तारखांचे दर मुलाला मोबाइलवर बघायला सांगा. खोली साडेपाच-सहा हजारांना दिसत असेल, तर कागद घेऊन ऑफिसात जा आणि शांतपणे विचारा, ‘हे वरचे कशाचे?’ मी अशीच एकदा अकरा हजार कमी करून घेतले. आवाज चढवावा लागला नाही. बत्तीस वर्षं बँकेत कर्जाच्या टेबलावर काढल्याचा तेवढा तरी उपयोग.

नाहीच कमी झाले, तरी माझं मत असं की पहिल्या खेपेला स्वतंत्र खोलीचे पैसे भरा. खरेदी कमी करा, हवं तर दोन दिवस कमी असलेली सहल घ्या, पण खोली आपली ठेवा. पैसे वाचवायचे म्हणून 2017 साली व्हिएतनामला मी ‘रूम पार्टनर’ घेतली होती. हनोईत रात्री साडेअकराला दार उघडलं, तर आत मोठा एकच पलंग. दोन वेगळे पलंग हवेत असं कुणी लिहूनच घेतलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. बाई सोलापूरच्या, स्वभावानं लाखात एक. पण एसी 18 वर आणि पहाटे साडेचारला मोबाइलवर काकडआरती. मी शाल, स्वेटर आणि कानटोपी घालून झोपायची, व्हिएतनामच्या उकाड्यात! आजही दिवाळीला त्यांच्याकडून कडबोळी येतात, इकडून चिवडा जातो. पुन्हा एका खोलीत राहायचं नाही, हे मात्र दोघींनी न बोलताच ठरवून टाकलंय.

तरीही पार्टनर घ्यायचीच असेल, तर तीन गोष्टी बोलण्यावर ठेवू नका, ईमेलवर लिहून घ्या. पलंग दोन असतील ना? पार्टनर मिळालीच नाही तर एकटीच्या खोलीचा भुर्दंड कुणाला? काही कंपन्या तो स्वतः सोसतात, काही शेवटच्या आठवड्यात तुमच्या गळ्यात मारतात. आणि तिसरं, आयत्या वेळी तिनं रद्द केलं तर काय?

कंपनीला अजून एक विचारा, चौदांत एकटे येणारे किती? नावं देणार नाहीत, आकडा देतात. सहा जोडपी आणि दोन एकट्या, असा गट असेल तर फोटो काढायचं काम आपल्याकडे येतं हे धरून चाला. ‘ताई, जरा आमचा काढता?’ समरकंदला रेगिस्तानच्या चौकात तीन मदरसे आहेत, त्यातला उलुग बेग राजाचा पंधराव्या शतकातला. त्या चौकात मी इतरांचे इतके फोटो काढले की माझा स्वतःचा एकच आहे, त्यातही डोळे मिटलेले. चार-पाच जण तरी एकटे असले, तर दुसऱ्या दिवसापासून जेवणाचं टेबल आपोआप जमतं. नाही जमलं, तर ‘इथं बसू का?’ एवढं विचारायचं. आजवर मला कुणी नाही म्हटलेलं नाही. रोज त्याच जोडप्याकडे मात्र जाऊ नका, त्यांनाही भांडायला वेळ हवा असतो.

कार्यक्रमपत्रिकेत ‘संध्याकाळ मोकळी’ असं कुठं कुठं लिहिलंय, ते लाल पेननं खुणा करून ठेवा. दिवसभर बस, गाईड, माणसं असतात, एकटेपणा कळतही नाही. कळतो तो संध्याकाळी सात ते नऊ. त्या वेळचं आधी ठरवून ठेवा. बुखाऱ्यात ल्याबी हौज म्हणून जुना तलाव आहे, कडेला तुतीची म्हातारी झाडं आणि चहाची टेबलं. तिथं उंटावर नव्हे, गाढवावर बसलेल्या मुल्ला नसरुद्दीनचा पुतळा आहे, पोरं त्याच्यावर चढत असतात. मी तिथं दोन संध्याकाळी हिरव्या चहाची किटली घेऊन बसले. घरंदाज बाया, आज्या, पोरंबाळं सगळा गाव फिरायला आलेला. शेजारच्या आजीबाईंनी मला खुणेनं विचारलं, नवरा कुठं? मी वर बोट दाखवलं. त्यांनीही वर बोट दाखवलं. मग त्यांनी माझ्या पेल्यात त्यांच्या किटलीतला चहा ओतला.

खाण्याचं सांगते. तिथं ‘सब्जी’ मागू नका, गाजर मिळेल. उझबेकीत सब्जी म्हणजे गाजर! ‘गोश्तसिझ’ म्हणजे बिनमांसाचं, हा शब्द वहीत लिहून न्या. पुलावातून मांसाचे तुकडे बाजूला काढून देऊ म्हणतात, पण भात त्यातच शिजलेला असतो, तेव्हा तुम्हाला चालणार नाही. तंदुरीतली गोल रोटी, तिला ‘नॉन’ म्हणतात, मधोमध टिकल्यांची नक्षी उठवलेली. टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर, लाल भोपळ्याचा समोसा, दही, टरबूज-खरबूज यावर दिवस निघतात. रात्रीसाठी मेतकूट, थोडे दशम्या-धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी न्या. चटणी मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत बांधून. माझी एकदा फुटली आणि सगळ्या साड्यांना आठ दिवस लसणाचा वास.

समरकंदला शाह-ए-झिंदाच्या थडग्यांकडे जायला चढ्या पायऱ्या आहेत. जाता-येता मोजून आकडा सारखा आला तर पापं फिटतात, असं तिथले लोक मानतात. माझा एकानं चुकला. बँकेत असते तर फरक सापडेपर्यंत कुणी घरी सोडलं नसतं. तुम्ही नीट मोजा. आणि ताश्कंदला लालबहादूर शास्त्रींचा पुतळा सहलीत आहे का, ते विचारून घ्या. नसेल तर मोकळ्या वेळात टॅक्सीनं जा. 11 जानेवारी 1966 च्या पहाटे तिथंच ते गेले. शाळेत हे शिकवलं असेल तुम्ही.

प्रश्न : मी 31 वर्षांचा, जळगावात नोकरी. मराठी ग्रुपमध्ये सगळे काका-काकू असतात, म्हणून परदेशी कंपनीच्या बारा जणांच्या ग्रुपबरोबर व्हिएतनामला जायचा विचार आहे. इंग्रजी जेमतेम. गोऱ्या लोकांत बुजल्यासारखं होईल का? – एक वाचक, जळगाव

उत्तर : काका-काकूंना नावं ठेवू नका, डबा त्यांच्याकडेच असतो.

पण जरूर जा. मेलबर्नची इंट्रेपिड, टोरांटोची जी ॲडव्हेंचर्स अशा कंपन्या एकट्यानं येणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच गट बांधतात. एकट्या पुरुषाला दुसऱ्या एकट्या पुरुषाबरोबर खोली देतात, त्याचे जादा पैसे लावत नाहीत. तुमच्या वयाला ते चालून जातं, माझ्या वयाला नाही.

आपल्याकडच्या सहलीपेक्षा फरक मात्र मोठा आहे, तो आधी समजून घ्या. विमानाचं तिकीट त्या दरात नसतं. पहिल्या दिवशी संध्याकाळी हॉटेलात सगळ्यांची ओळख-बैठक असते, तिथवर आपलं आपण पोचायचं, आणि शक्यतो एक दिवस आधीच. जेवणं बहुतेक आपल्या खिशातून. बॅग आपली आपण उचलायची, तीही रात्रीच्या रेल्वेच्या वरच्या बर्थपर्यंत. प्रवासविमा असल्याशिवाय गटात घेत नाहीत. टिपेसाठी सुरुवातीलाच सगळ्यांची वर्गणी काढतात, तेव्हा ‘हे काय नवीन’ असा चेहरा करू नका.

इंग्रजीचं म्हणाल, तर गटात जर्मन असेल, ब्राझीलचा असेल, त्यांचंही शिकलेलंच इंग्रजी. आणि गाईड व्हिएतनामी. खरी अडचण ऑस्ट्रेलियन माणसाचं बोलणं कळण्याची, ती सगळ्यांनाच येते.

शाकाहारी आहात की नाही ते लिहिलं नाहीत. असाल तर पाटीवर ‘चाय’ असा शब्द शोधा. तिथं चाय म्हणजे चहा नव्हे, शाकाहार. बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी पाळतात, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, त्यामुळे अशी हॉटेलं गावोगाव सापडतात. इतर ठिकाणी नुसत्या पालेभाजीतही माशाचा सॉस घालतात, तेव्हा ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही.

प्रश्न : सहलीच्या बिलात टीसीएस म्हणून रक्कम लावली. एजंट म्हणतो सरकारजमा. गेले का पैसे? – एक वाचक, सातारा

उत्तर : गेले नाहीत. टीसीएस म्हणजे विकणाऱ्यानं तुमच्याकडून आधीच गोळा केलेला प्राप्तिकर, तो तुमच्या पॅनवर जमा झाला. प्राप्तिकराचं विवरणपत्र भरताना ते पैसे करातून वळते होतात, कर लागतच नसेल तर परत मिळतात. पण त्यासाठी विवरणपत्र भरावं लागतं, ‘माझं उत्पन्न करपात्र नाही’ म्हणून बसून राहिलात तर मात्र गेले. टीसीएसचा दर वेळोवेळी अर्थसंकल्पात बदलत आलाय, तेव्हा मागच्या वर्षीच्या बिलाशी ताडून एजंटाशी भांडू नका. पावतीवरचा पॅन चष्मा लावून तपासा, एक अक्षर चुकलं तरी पैसे दुसऱ्याच्या खात्यात दिसतात.

प्रश्न : आमचे बाबा 72 वर्षांचे. आई येऊ शकत नाही, तरी त्यांना एकट्यानं युरोपच्या सोळा जणांच्या सहलीला जायचंय. बीपी, शुगर दोन्ही आहे. परवानगी द्यावी का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : परवानगी ते मागतायत की तुम्हीच देताय?

युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो त्या शेंगेन व्हिसासाठी किमान 30 हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतोच, पण तेवढ्यावर थांबू नका. अर्जात बीपी, शुगर दोन्ही स्पष्ट लिहा, लपवलंत तर ऐनवेळी विमा हात वर करतो. आधीच्या आजारांसाठी किती रक्कम धरलीय ते वेगळं वाचा. गोळ्या पूर्ण दिवसांच्या अधिक आठवडाभराच्या जास्त, आणि त्या हातातल्या बॅगेत. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, आपला ब्रँड तिकडच्या दुकानदाराला कळत नाही.

टूर मॅनेजरला एकच विचारा, सगळ्यात जास्त चालणं कुठल्या दिवशी? प्रागसारख्या गावात बस जुन्या भागाच्या बाहेर सोडते, पुढं दगडी फरशीवरून पायपीट. त्या दिवशी बाबांनी अर्धा दिवस हॉटेलात काढायचं ठरवलं तरी चालेल, हे आधी बोलून ठेवा, म्हणजे गटाला उशीर होतोय म्हणून ओढत जाणार नाहीत. विमानतळावर व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा. बाबा नको म्हणतील. तरी मागा.

फोनचं ठरवून टाका, दिवसातून एकदा, रात्री. मी व्हिएतनामला गेले तेव्हा लेकीनं पहिल्याच दिवशी नऊ फोन केले, नवव्याला मी नावेत होते आणि मोबाइल पाण्यात जाता जाता वाचला.

आणि बाबांना माझा निरोप द्या. बसमधल्या जागा रोज बदलतात, पुढच्या जागेवरून पहिल्या दिवशी कुणाशी वाद घालू नका. चौथ्या-पाचव्या दिवशी ती आपल्याकडेच येते, आणि आल्प्सचा रस्ता साधारण तेव्हाच लागतो. कार्यक्रमपत्रिका उघडून आत्ताच दिवस मोजून ठेवा.