दूध पुरतंय का? हिशोब तूच मांडलायस

"मावशी, मी जुळे सोलापुरात राहते. टॉवेलच्या कारखान्यात हिशोबाचं काम करते, सध्या रजेवर आहे. मुलगी सात आठवड्यांची झाली. संध्याकाळी सहा ते दहा ती सारखी अंगावरच असते, सोडवली की रडते. सासूबाई म्हणतात, तुझं दूध पाण्यासारखं आहे, पोरीला पुरत नाही, पावडर चालू कर. उन्हाळा आहे, दोन चमचे पाणी तरी पाज. मोबाइलवर बघून मी तिला ओढणीनं छातीशी बांधते, तर म्हणतात सवय लागेल, पाय वाकडे होतील. सगळं नैसर्गिक पद्धतीनं करायचं ठरवलं होतं मी. परवा रात्री हरले आणि पावडरची बाटली दिली. ती गटागटा प्यायली, मी रडत बसले. जन्माचं वजन 2 किलो 800 होतं, सहा आठवड्यांच्या डोसला 4 किलो भरलं. हल्ली ती झोपली तरी मला झोप लागत नाही. काय चुकतंय माझं?"

पोरी, हिशोबाचं काम करतेस, उत्तर पत्रात लिहितेस आणि प्रश्न मला विचारतेस! 4 किलोतून 2 किलो 800 वजा कर. उरले 1200 ग्रॅम. 42 दिवसांनी भाग. दिवसाला साडेअठ्ठावीस ग्रॅम. या वयात रोज 20 ते 30 ग्रॅम वाढ झाली की डॉक्टर खूश असतात. त्यात पहिल्या काही दिवसांत बाळ थोडं उतरतंच. ती तूट भरून काढून वर एवढी वाढ झालीय. बाटली तर तू परवा दिलीस. म्हणजे हे 1200 ग्रॅम सगळेच्या सगळे तुझ्या त्या "पाण्यासारख्या" दुधाचे.

दूध पुरतंय की नाही हे रडण्यावरून ठरवायचं नसतं. वजन बघायचं आणि ओले लंगोट मोजायचे. दिवस-रात्रीत सहा किंवा त्याहून जास्त ओले होत असतील आणि शू फिकट असेल, तर पोटात पुरेसं जातंय.

मग संध्याकाळी एवढी का चिकटते? बहुतेक सगळीच तान्ही चिकटतात. साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास रडणं सगळ्यात वाढतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. त्या वेळी बाळ थोडं थोडं, पुन्हा पुन्हा पितं. स्तन जितके रिकामे होतात तितकं नवं दूध भराभर तयार होतं, भरून राहिले की शरीर हात आखडतं. रोज संध्याकाळी तिच्याऐवजी बाटली पुढे आली, तर शरीराला कळतं की या वेळची मागणी बंद झाली. मग खरंच कमी पडायला लागतं आणि सासूबाई म्हणतात, बघ, मी सांगत नव्हते?

पातळपणाचं म्हणशील, तर सुरुवातीचं दूध पातळच दिसतं, नंतर स्निग्ध होत जातं. म्हणून एक बाजू तिची ती सोडेपर्यंत पाजायची आणि मग दुसरी. घड्याळ लावून दहा-दहा मिनिटं नको. पाजताना दुखत असेल तर पकड बघ. तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, आणि नुसतं बोंड नव्हे तर भोवतीचा काळा भागही तोंडात.

पाण्याचं मात्र ऐकू नकोस. आपल्या गावचं ऊन मला माहीत आहे, एप्रिलमध्ये पंखासुद्धा गरम वारा फेकतो. तरी आईच्या दुधात सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी टक्के पाणीच असतं. सहा महिने पुरे होईपर्यंत वरचं पाणी नको. त्यानं पोट भरतं, पोषण काही मिळत नाही, आणि पाणी खराब असलं तर जुलाब. उन्हात तिला जास्त वेळा पाज आणि पाण्याचा तांब्या स्वतःजवळ ठेव. मधाचं बोट वर्षाच्या आत अजिबात नको, गायीचं दूधही वर्षभर नको. हळीवाचे लाडू, शेपू, बाजरीची भाकरी हे सगळं खुशाल खा. पोटाला चांगलं आहे आणि करणाऱ्याचा जीवही रमतो. पण पान्हा लाडवानं फुटत नाही, बाळाच्या ओढण्यानं आणि तुझ्या निवांतपणानं फुटतो. "पुरत नाही, पुरत नाही" असं कानावर पडत राहिलं की तोच पान्हा अडतो.

आता ती बाटली. एका बाटलीनं काही बिघडलेलं नाही. त्याला हरणं म्हणू नकोस, कारण इथे शर्यतच नव्हती. मला जरा भीती वाटते ती तुझ्या "सगळं नैसर्गिक"ची. घरात एक सासू आहे, तू मोबाइलमध्ये दुसरी आणून बसवलीस. नैसर्गिक म्हणजे न शिकताच आपोआप येणारं, हे कुणी सांगितलं तुला? मी पहिलटकरीण होते तेव्हा मला दोन आठवडे धड पाजता येत नव्हतं. साखर पेठेत आमच्या शेजारी विडी वळणाऱ्या एक तेलुगू काकू होत्या. त्यांनी माझ्या पाठीमागे उशी सारली, बाळाची मान न धरता पाठ धरायला लावली आणि म्हणाल्या, "तू वाकू नको, त्याला तुझ्याकडे आण." एवढंच. आधीच्या बायका हे आजूबाजूला बघून शिकल्या. तुम्हाला फ्लॅटमध्ये बघायला कोण आहे? उद्या डॉक्टरांनी खरंच वरचं दूध द्यायला सांगितलं, तर वाटी-चमच्यानं किंवा घरात असेल तर बोंडल्यानं दे, आणि तेव्हाही तू तेवढीच आई असशील.

त्याच काकूंची सून पोर कडेला बांधून पाणी भरायची. तेव्हा हे फॅड मोबाइलमधून आलेलं नाही, आपल्या पेठांतलंच आहे. कोलंबियात बोगोटाला 1978 साली इनक्युबेटर कमी पडले, तेव्हा डॉक्टरांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवली. आज तीच कांगारू पद्धत म्हणून आपल्या सरकारी दवाखान्यांतही करतात. जवळ घेतल्यानं सवय लागते म्हणतात. सात आठवड्यांच्या जिवाला आईची सवय नाही लागायची तर कुणाची?

पाय मात्र नीट बघ, सासूबाईंची शंका अगदीच फोल नाही. लटकते सरळ पाय खुब्याला वाईट असतात. गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर, मांड्या फाकलेल्या, बेडकासारख्या. असं बसवलं तर उलट चांगलं. चेहरा सतत दिसला पाहिजे, हनुवटी छातीत रुतलेली नको, मान खाली घातलीस की तिच्या टाळूचा पापा घेता आला पाहिजे इतकी वर. निसरडी ओढणी सोड, गाठ सुटते. जुन्या सुती नऊवारीचा लांब तुकडा घे. आणि अभिमान कितीही असला तरी सोलापुरी चादर यासाठी नाही, दोघी उकडून निघाल! बांधून गॅसपाशी उभं राहायचं नाही, स्कूटीवर तर नाहीच.

कामावर जायची घाई करू नकोस. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. त्याआधीच्या वर्षात 80 दिवस काम झालेलं हवं. परतल्यावर मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला सुट्टी मिळते. मालकाकडे मागताना कायद्यानं मिळते म्हणून माग, उपकार म्हणून नको.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. डोसचं कार्ड त्यांच्या हातात दे आणि ते दोन आकडे दाखव. मग म्हण, "आई, लुगड्यात बांधायची गाठ मला येत नाही, तुम्ही दाखवा." संध्याकाळी सहा ते दहा स्वयंपाक तुझ्याकडे नको, हे मात्र नवऱ्यानं बोलायचं, तू नाही.

तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात टोचलेलं वाक्य तू अगदी शेवटी, घाईत लिहिलंयस. बाळ झोपलं तरी झोप लागत नाही. दूध, झोळी, बाटली यांपेक्षा मला त्याची काळजी आहे. बाळंतपणानंतर पहिले आठ-दहा दिवस रडू येतं, ते जातं. पण सातव्या आठवड्यातही झोप उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल, आपण वाईट आई आहोत हेच डोक्यात फिरत असेल, तर तो तुझा स्वभाव नव्हे, आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत, आणि पाजत असताना चालतील अशी औषधंही डॉक्टर देऊ शकतात. तुझ्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना या आठवड्यातच भेट, नवऱ्याला बरोबर घेऊन. रात्री फारच घाबरं झालं तर 14416 हा मनाच्या त्रासासाठी सरकारचा मोफत नंबर आहे, मराठीत बोलतात. स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं मनात आलं तर सकाळची वाट बघायची नाही, घरातल्या कुणालाही उठवायचं आणि तडक दवाखाना गाठायचा.

दहाव्या आठवड्याच्या डोसला पोरीचं वजन किती भरलं ते मला कळव. तुझ्या झोपेचं मात्र त्याच्या आधी.

— तुझी मावशी