नव्वदीतल्या मंडळींना खुर्चीवर बसवून नाचवताना

गाणी निवडताना आधी वय मोजा. आज नव्वदीत असलेली माणसं 1950 ते 60 च्या दशकात तरणी होती. मराठवाड्यात त्या पिढीच्या कानात सिनेमाच्या गाण्यांइतकीच भजनं, गवळणी, भारुडं अन् जात्यावरच्या ओव्या असतात. आजींना ओवी आपसूक आठवते आणि हातही जातं ओढल्यासारखा गोल फिरतो. खांद्याला हा चांगला व्यायाम. आठ फेऱ्या उजव्या हाताने, आठ डाव्या. खांदा दुखला की घेर लहान करा.

लय मिनिटाला साठ-सत्तर ठोक्यांची ठेवा. भजनाची एक खोड असते, शेवटाकडे लय चढते. मंडळी भान विसरून टाळ्या पिटतात आणि धाप लागते. म्हणून ते वळण येण्याआधीच आवाज हळूहळू उतरवा. बोलता बोलता दम तुटत असेल तर तिथेच थांबा.

खुर्ची हातांची, लाकडी किंवा लोखंडी, मागचे पाय भिंतीला टेकवून. प्लास्टिकची फरशीवर सरकते. उभं करायचंच असेल तर आधी बसूनच पावलं हलवून घ्या. एकदम उठलं की रक्तदाब उतरतो, चक्कर येते.

खरे टाळ नकोत. श्रवणयंत्रात तो खणखणाट फार टोचतो. ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवण्यापेक्षा स्पीकर समोर, कानाच्या उंचीवर ठेवा आणि पंख्याची घरघर कमी करा. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत आटपा, पाण्याचा तांब्या जवळच असू द्या.

एखादं गाणं लागताच कुणी रडलं तर घाईने बदलू नका. हात धरून बसा, पुढचं गाणं त्यांनाच विचारा.