काळं पांढऱ्यात उतरतं, काय करू?

प्रश्न : सर, माझा मुलगा तिसरीत आहे. पोळ्यापासून आमच्या देवणी बैलाचं चित्र जलरंगात काढतोय. काळा रंग पांढऱ्या अंगात पसरतो, पुसायला गेलं की कागदाचा भुगा होतो.
– एक आई, उदगीर तालुका

उत्तर : ताई, आधी गोठ्यात जा. देवणी जातीच्या तीन प्रकारांपैकी तुमचा बैल कोणता, वानेरा, बालंक्या की शेवरा? वानेऱ्याचं काळं तोंडावर, बालंक्याचे ठिपके अंगाच्या खालच्या भागावर, शेवऱ्याचे अंगभर वेडेवाकडे. हे पोराला बोटानं दाखवा. वशिंडही दाखवा, ते खांद्यावर असतं. माझ्या वर्गात निम्मी पोरं ते पाठीच्या मधोमध काढायची आणि बैलाचा उंट व्हायचा!

पांढरा रंग लावूच नका. जलरंगात पांढरं म्हणजे कोरा कागद. भोवतीची माती, कडबा आधी रंगवा, बैल आपोआप उठून दिसतो. पोटाखाली निळ्या-तपकिरीची सावली द्या, भरपूर पाणी घालून.

मग थांबा. पोरांना हेच जमत नाही. बोटांची पाठ कागदाला लावा, गार लागला तर तो अजून ओला आहे. एप्रिलच्या उन्हात पाच मिनिटं पुरतात, श्रावणात पोराला खेळायला पाठवा. वाळल्यावरच ठिपके, तेही ब्रश फडक्याला टिपून. डबीतल्या काळ्यापेक्षा अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) मिसळून केलेला काळा जिवंत दिसतो.

रंग फुटलाच तर घासू नका, कोरड्या ब्रशनं उचला. आणि शाळेच्या वहीचा पातळ कागद सोडा; ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड, वजनदार कागदाचा) एक ताव आणून चार तुकडे करा.